छपरावरचा कोंबडा संग्रहालयात कसा गेला?

भूगोलाच्या पुस्तकात हवामानाच्या उपकरणांचा धडा येतो. तापमापक, वायुभारमापक, पर्जन्यमापक अशा सरळ नावांच्या रांगेत एक नाव वेगळेच उठून दिसते: वातकुक्कुट. चित्रात मात्र असतो बाण. ‘यात कुक्कुट कुठे आहे?’ असे वर्गातले एखादे मूल विचारते आणि धडा पुढे सरकतो. खरे तर प्रश्न अगदी योग्य आहे. आपल्या परिभाषेने युरोपातल्या चर्चच्या शिखरावरचा कोंबडा नावात तसाच ठेवला. उपकरण बदलले, तरी नाव राहिले.

आधी उपकरणाविषयी थोडे. मुलांची नेहमीची चूक म्हणजे बाण जिकडे वळला तिकडे वारा वाहतो असे समजणे. बाणाचे टोक वारा जिकडून येतो ती दिशा दाखवते आणि वाऱ्याला नावही त्याच दिशेचे मिळते. असे का होते? आसाच्या एका बाजूला पृष्ठभाग जास्त असतो, तिकडे वाऱ्याचा दाबही जास्त पडतो आणि ती बाजू मागे ढकलली जाते. कोंबड्याची शेपटी पाहा. निसर्गाने जणू आयतेच वातकुक्कुट घडवून ठेवले आहे.

शिक्षकांनी एक छोटा प्रयोग जरूर करून पाहावा. जाड पुठ्ठ्याचा कोंबडा कापा, तो आडवा धरून सुईवर नीट तोलला जाईल असा बिंदू शोधा आणि त्या बिंदूतून उभा आस जाईल अशा रीतीने तो बसवा. पंख्यासमोर धरला की तो डोके वाऱ्याकडे करून स्थिर राहत नाही, कारण सारख्या जाडीच्या पुठ्ठ्यात वजनाचा मध्य आणि क्षेत्रफळाचा मध्य एकच असतो. आता चोचीजवळ मातीचा गोळा लावा. तोल पुढे सरकेल. आस तिथे नेला की कोंबडा शहाण्यासारखा वाऱ्याकडे तोंड करून उभा राहील. हा मातीचा गोळा लक्षात ठेवा, त्याचे काम पुढे पडणार आहे.

वाऱ्याची दिशा दाखवणारी सर्वांत प्रसिद्ध प्राचीन रचना अथेन्समध्ये आहे. इ.स. पूर्व पहिल्या शतकात अँड्रॉनिकस नावाच्या ज्योतिर्विदाने तिथे अष्टकोनी मनोरा बांधला. आठ बाजूंवर आठ वाऱ्यांच्या मूर्ती कोरल्या. शिखरावर काशाचा ट्रायटन, म्हणजे ग्रीकांचा सागरदेव, फिरत असे आणि हातातल्या दंडाने वाहत्या वाऱ्याच्या मूर्तीकडे बोट दाखवी, असे रोमन वास्तुतज्ज्ञ विट्रुव्हियसने लिहून ठेवले आहे. मनोरा आजही उभा आहे, ट्रायटन नाही. कोंबडा आला तो ख्रिस्ती चर्चबरोबर. येशूच्या शिष्यांपैकी पीटरने कोंबडा आरवण्यापूर्वी आपल्या गुरूला तीनदा नाकारले, या कथेची ती आठवण. इटलीतल्या ब्रेशा गावी नवव्या शतकातला असा एक कोंबडा संग्रहालयात जपून ठेवला आहे. बायो येथील अकराव्या शतकातल्या प्रसिद्ध भरतकामाच्या पट्टीतही वेस्टमिन्स्टर ॲबीच्या छपरावर कोंबडा बसवणारा माणूस दिसतो.

आमच्या कथेचा मुख्य भाग मात्र घडतो अमेरिकेत, ईशान्येकडच्या न्यू इंग्लंड भागात. युरोपातून येऊन तिथे स्थायिक झालेले लोक शेती करत, समुद्रावर जात. दोन्ही धंद्यांना वारा कळावा लागे. ईशान्येचा वारा सुटला की वादळ, वायव्येचा सुटला की आभाळ मोकळे, हे तिथल्या पोरालाही ठाऊक. त्यामुळे चर्च, सभागृहे, धान्याची कोठारे, गोठे या सगळ्यांच्या छपरांवर वातकुक्कुटे चढली. बहुतेक ती गावातल्या लोहाराने किंवा घरमालकाने स्वतः फळीतून किंवा पत्र्यातून कापलेली असत: मासा, कोंबडा, तुतारी वाजवणारा देवदूत. करणाऱ्याचे नाव त्यावर नसे.

ज्यांचे नाव टिकले अशा थोड्यांपैकी एक बोस्टनचा तांबट शेम ड्राऊन. पीटर फॅन्यूल या व्यापाऱ्याने शहराला मंडईची इमारत बांधून दिली. तिच्यासाठी १७४२ साली ड्राऊनने सुमारे चार फूट लांबीचा तांब्याचा नाकतोडा घडवला, त्यावर सोन्याचा मुलामा चढवला आणि डोळ्यांच्या जागी काच बसवली. कोंबडा सोडून नाकतोडाच का? लंडनच्या रॉयल एक्स्चेंजवर, म्हणजे तिथल्या व्यापाऱ्यांच्या पेठेवर, नाकतोडा होता. तो तिचा संस्थापक टॉमस ग्रेशॅम याचे कुलचिन्ह. आपणही लंडनच्या तोडीचे व्यापारी आहोत, असे बोस्टनला बहुधा सांगायचे असावे. १७५५ च्या भूकंपात नाकतोडा खाली पडला. ड्राऊनच्या मुलाने तो दुरुस्त केला आणि त्याच्या पोटात एक चिठ्ठी ठेवली. १७६१ साली इमारत जळाली, पण नाकतोडा वाचला. जानेवारी १९७४ मध्ये तो छपरावरून नाहीसा झाला. शहरभर शोध सुरू झाला आणि काही दिवसांनी तो त्याच इमारतीच्या मनोऱ्यात जुन्या झेंड्यांखाली दडवलेला सापडला. चोरीच्या वेळी त्याचे वय होते २३२ वर्षे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर या कामाचा कारखाना झाला. मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थम गावी ए. एल. ज्युएल याने १८५० च्या दशकात वातकुक्कुटे बनवण्याचा धंदा थाटला. १८६७ साली कामावर असताना उंचावरून पडून तो मरण पावला, तेव्हा कुशिंग आणि व्हाइट या जोडीने त्याचा धंदा विकत घेतला. बोस्टन आणि न्यू यॉर्कमध्येही असे कारखाने निघाले. पुण्याच्या तांबट आळीतले हातोड्यांचे ठोके ज्यांनी ऐकले असतील, त्यांना हे काम समजायला अवघड नाही. आधी कसबी कोरक्या लाकडात नमुना कोरी. कुशिंग यांच्यासाठी हेन्री लीच नावाचा कोरक्या हे काम करी. त्या नमुन्यावरून बिडाचे दोन अर्धे साचे ओतायचे, तांब्याचा पातळ पत्रा साच्यात ठोकून बसवायचा, डावे-उजवे भाग डाख देऊन जोडायचे आणि वर सोन्याचा वर्ख लावायचा. मग तो माल छापील कॅटलॉगात चित्रासह चढे. शेतकरी घरबसल्या घोडा, बैल, मेंढा किंवा स्वातंत्र्यदेवता निवडून मागवी.

सर्वांत जास्त खप घोड्यांचा. त्या काळी दुडकीच्या शर्यतींचे वेड होते. ईथन ॲलन, डेक्स्टर अशा विजेत्या घोड्यांची छापील चित्रे घरोघर लागली होती आणि कारखानदार ती चित्रे समोर ठेवून घोडे घडवीत. पण घोड्याला कोंबड्यासारखी शेपटी नाही! पुढचे आणि मागचे अंग जवळजवळ सारखेच. म्हणून आस पुढच्या पायांकडे न्यावा लागतो आणि मग मागचा भार तोल बिघडवतो. एका कारखान्याच्या घोड्यांचे पुढचे अंग जस्ताचे ओतीव, जड आणि मागचे तांब्याच्या पोकळ पत्र्याचे असे आढळते. आपल्या पुठ्ठ्याच्या कोंबड्याच्या चोचीवरचा मातीचा गोळा तो हाच. हा घोडा घडवणाऱ्याने बलाच्या आघूर्णाचे गणित मांडले होते की नाही, कोण जाणे. छपरावर घोडा उलटा फिरला तर गिऱ्हाईक माल परत करणार, एवढे त्याला नक्की कळत होते.

१८७० मध्ये अमेरिकी सरकारने हवामानाची नियमित निरीक्षणे तारायंत्राने गोळा करायला सुरुवात केली. पुढे अंदाज वर्तमानपत्रात आणि नंतर रेडिओवर येऊ लागला, तशी छपराकडे पाहण्याची गरज कमी होत गेली. जुनी कोठारे पडली, तांबे मोडीत निघाले.

नेमक्या याच वेळी वातकुक्कुटांकडे एका निराळ्या मंडळींची नजर वळली. मेन राज्यातल्या ओगन्क्विट या किनाऱ्यावरच्या गावात नव्या वळणाचे चित्रकार आणि शिल्पकार उन्हाळ्यात राहायला येत. आपल्या झोपड्या सजवायला त्यांनी जुन्या बाजारातून स्वस्तात वातकुक्कुटे, लाकडी बदके, गावठी चित्रे आणली. फापटपसारा नसलेला, एका रेषेत पकडलेला आकार हे स्वतः ज्याच्या शोधात होते, तेच त्यांना या पत्र्यांत दिसले. १९२६ च्या उन्हाळ्यात एडिथ हॅल्पर्ट ही न्यू यॉर्कची कलाविक्रेती तिथे गेली. १९३१ साली तिने लोककलेचे खास दालन उघडले. त्याच वर्षी हॉल्गर केहिल याने न्यूअर्कच्या संग्रहालयात लोकशिल्पांचे प्रदर्शन भरवले आणि १९३२ मध्ये न्यू यॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयात ‘सामान्य माणसाची कला’ मांडली. तिथल्या बहुतेक वस्तू ॲबी रॉकफेलर यांच्या होत्या. पुढे मंदीच्या काळात बेकार चित्रकारांना सरकारने काम दिले, त्यात अशा जुन्या वस्तूंची जलरंगांत हुबेहूब चित्रे काढण्याची मोठी योजना होती. १९३५ ते १९४२ या काळात सुमारे १८,००० चित्रे झाली. अनेक वातकुक्कुटे त्यांत आहेत.

इथे एक प्रश्न उभा राहतो. कारखान्यात साच्यातून काढलेला, कॅटलॉगातून विकलेला घोडा लोककला कशी? गावच्या लोहाराने कापलेल्या माशाबद्दल वाद नाही. पण संग्राहकांनी दोघांना एकाच कपाटात बसवले. आम्हांला वाटते, ‘लोककला’ हे नाव वस्तूच्या जन्मापेक्षा तिच्याकडे पाहणाऱ्यांविषयी जास्त सांगते. मंदीत सापडलेल्या देशाला आपल्या साध्या, कष्टाळू पूर्वजांचा अभिमान हवा होता आणि तो या घोड्यांत मिळाला. त्यात कोरक्या लीचचे नाव मागे पडले आणि विकत घेणाऱ्यांची नावे दालनांवर लागली, ही गोष्ट खटकल्याशिवाय राहत नाही. तरीही संग्राहकांना बोल लावताना जपून बोलावे लागते. ते नसते तर यातले कितीतरी तांबे भट्टीत गेले असते.

कौतुकाबरोबर किंमत चढली. ऑक्टोबर २००६ मध्ये न्यू यॉर्कच्या एका लिलावात अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या सरदाराची आकृती असलेले वातकुक्कुट ५८ लाख ४० हजार डॉलरला गेले. जिथे एवढे पैसे, तिथे चोरही आलेच. १९८३ साली व्हरमाँट राज्यातल्या व्हाइट रिव्हर जंक्शन या रेल्वेस्टेशनच्या छपरावरचे आगगाडीच्या इंजिनाचे वातकुक्कुट चोरीला गेले. जवळजवळ चार दशकांनी ते एका लिलावगृहात आले, चोरीच्या कलावस्तूंच्या नोंदवहीशी ताडून पाहिल्यावर ओळखले गेले आणि राज्याला परत मिळाले.

नकलांचा धंदाही फोफावला. त्यातही अडचण अशी, की काही जुने साचे टिकून राहिले आणि विसाव्या शतकात त्यांतून पुन्हा नग निघाले. आकार तंतोतंत जुना, तांबे नवे. मग ओळखायचे कसे? तांब्यावर हिरवट थर चढतो तो हवेतले ऑक्सिजन, पाणी, कार्बन डायऑक्साइड, गंधकाची संयुगे आणि समुद्राजवळ क्षार यांच्यामुळे. शहरात तो बहुतांशी तांब्याच्या सल्फेटचा असतो. त्याला वर्षानुवर्षे लागतात. आम्ले आणि क्षार चोपडून तो थोड्या दिवसांत आणता येतो, पण असा थर बरेचदा भुसभुशीत असतो आणि सगळीकडे सारखा पसरलेला दिसतो. खऱ्या वस्तूवर झीज सारखी नसते. उघड्या भागावरचा वर्ख उडालेला, आयाळीच्या खाचांत मात्र तो टिकून राहिलेला. आसाची नळी आतून घासलेली. बंदुकीच्या गोळ्यांची भोकेही पाहतात, कारण छपरावरचा कोंबडा हे गावातल्या उनाड पोरांचे आवडते निशाण होते. अर्थात नकली मालावर कोणी गोळी झाडू शकत नाही असे नाही. क्ष-किरणांनी धातूतली मूलद्रव्ये तपासता येतात. मिश्रणात न शोभणारे काही निघाले तर नकल पकडली जाते, पण सर्व काही ठीक निघाले म्हणून वस्तू अस्सल ठरते असे नव्हे.

संग्राहक या हिरव्या थरावर इतके जीव टाकतात, की घासून चकचकीत केलेल्या वस्तूची किंमत कोसळते. ती घडवणाऱ्यांच्या मनात मात्र हिरवा रंग नव्हता. त्यांना झळझळीत सोने किंवा ताजा रंग हवा होता. १७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात राज्यघटनेच्या सभेचे अध्यक्षपद सांभाळत असताना जॉर्ज वॉशिंग्टनने तिथल्याच जोसेफ रेकस्ट्रॉ याच्याकडून माउंट व्हर्ननच्या घरासाठी शांततेचे कबूतर करवून घेतले. ते घरी पाठवताना त्याने पुतण्याला पत्रातून बजावले, की चोच काळी आणि तोंडातली ऑलिव्हची फांदी हिरवी रंगवायची. अमेरिकेच्या टपाल खात्याने १९७४ मध्ये हेच कबूतर नाताळच्या तिकिटावर छापले. मागे गोंद तयार असलेले, न ओलावता चिकटणारे ते त्या खात्याचे पहिले तिकीट. तो गोंद काही वर्षांत कागदातून झिरपला आणि तिकिटांवर डाग पडले. तिकिटे जमवणारे त्यावर नाराज आहेत. मूळ कबूतर आता संग्रहालयात आहे, आणि १९९३ पासून माउंट व्हर्ननच्या छपरावर त्याची प्रतिकृती फिरते.