जामखेडची बैठक

दोन वर्षांपूर्वी आमच्या वीकेंड ग्रुपने एका खेड्यातल्या शाळेला पाण्याचे फिल्टर दिले. फोटो काढले, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकले, धडाधड अंगठे आले. परवा तिकडे जाणं झालं, तर फिल्टर बंद! आतली नळी बदलायला तालुक्याला जावं लागतं, ते कोण करणार हे आम्ही कुणाला विचारलंच नव्हतं. घरी येऊन ग्रुपवर हे लिहायला घेतलं आणि पुसून टाकलं. दिवाळी फराळ वाटपाचे फोटो येत होते, मूड कशाला घालवा?

मंडळी, तेव्हापासून डोक्यात जामखेड घोळतंय.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे. दोघंही वेल्लोरला शिकलेले. साठच्या दशकात नगर जिल्ह्यातच, नेवासा तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात काम करत होते. हॉस्पिटल उत्तम चाललं होतं. पण बरं करून पाठवलेलं मूल त्याच जुलाबाने पुन्हा यायचं. म्हणजे आपल्या भाषेत, बग तसाच आणि तिकीट मात्र क्लोज! मग दोघं अमेरिकेला गेले, सार्वजनिक आरोग्य शिकून आले आणि 1970 साली जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला.

खरी गंमत पुढे आहे. त्यांची पहिली योजना फसली. गावोगावी शिकलेल्या परिचारिका ठेवायच्या, असा साधा सरळ विचार होता. पण त्या पडल्या बाहेरच्या. परक्या गावात एकटीने राहणं त्यांना जमेना आणि गावालाही त्यांचं बोलणं पटेना. इथे अजून परिचारिका, अजून ट्रेनिंग, अजून पैसा असं करता आलं असतं. आरोळ्यांनी उलट केलं. गावानेच निवडलेली गावातलीच बाई घ्यायची ठरवलं. त्यातल्या बऱ्याच जणी निरक्षर होत्या, कित्येक दलित.

आता यांना शिकवायचं कसं? पुस्तक निरुपयोगी. म्हणून आठवड्याची बैठक. बायका जामखेडला यायच्या, रात्री मुक्काम करायच्या. वेगवेगळ्या जातींच्या बायका एकत्र जेवायच्या, एकत्र झोपायच्या. सत्तरच्या दशकात ही साधी गोष्ट नव्हती. आठवड्यात काय घडलं ते प्रत्येकीने सांगायचं. कुणाचं मूल दगावलं, कुठली बाळंतीण अडली, सासूने काय ऐकलं नाही. मग सगळ्यांनी मिळून विचार करायचा. जुलाबाला मीठ-साखरेचं पाणी, गरोदरपणातला आहार, असं एकेक शिकायचं आणि गावी जाऊन दुसरीला शिकवायचं.

आणि डॉक्टरही शिकत होते बरं का! लोकांनी आधी पाणी आणि अन्न मागितलं. 1972 च्या दुष्काळाच्या आगेमागेचे ते दिवस. मग विंधनविहिरी आल्या, शेतकरी मंडळं आली, महिला मंडळं आली. काही ठिकाणी हातपंप मुद्दाम दलित वस्तीत बसवले. पाणी हवं तर तिथे या!

प्रकल्पाच्या स्वतःच्या नोंदींनुसार 1971 मध्ये हजार जन्मांमागे 176 बाळं वर्षाच्या आत दगावत होती. 1976 मध्ये हा आकडा 52 वर आला. 1975 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तकात जामखेडवर प्रकरण आलं, 1979 ला मॅगसेसे मिळालं. पुढे देशोदेशीचे लोक जामखेडला शिकायला येऊ लागले आणि त्यांना शिकवायला याच बायका! मेबलताई 1999 मध्ये गेल्या, डॉ. आरोळे 2011 मध्ये. जिल्हाही आता अहिल्यानगर झाला.

आम्हीही ऑफिसात दर दोन आठवड्यांनी रेट्रो करतो. 'काय चुकलं' या रकान्यात कुणीतरी 'कम्युनिकेशन' लिहितं आणि सगळे जेवायला जातात. जामखेडमध्ये त्या रकान्यात मेलेलं मूल असायचं. ते झाकून ठेवलं तर पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गावातलं जायचं. आणि सांगणारीला माहीत असायचं, की इथे कुणी हसणार नाही आणि नोकरीही जाणार नाही.

म्हणजे दोष व्हॉट्सअ‍ॅपचा नाही. तिथेही चूक सांगता येते. सांगणाऱ्याला सांभाळून घेणारी माणसं मात्र हवीत, आणि ज्यांच्यासाठी काम करतो तीही त्यात हवीत.

काल रात्री तो पुसलेला मेसेज पुन्हा लिहिला. फोटोसकट, बंद फिल्टरच्या. बराच वेळ सामसूम. मग एकीने विचारलं, "शाळेतले सर आहेत का रे आपल्या ग्रुपवर?"

नव्हते. दोन वर्षांत कुणाला सुचलंच नव्हतं.