एका रोपाची तीन चित्रे

पाना-फुलांचे अगदी जवळून फोटो काढण्याची हौस आज मोबाईलमुळे घरोघरी पोचली आहे. मलाही ती आहे. फोटो काढला की पुढचे काम एडिटिंगचे. हिरवा रंग थोडा गडद करायचा, मागचा पसारा धूसर करायचा, किडीने पाडलेले भोक पुसून टाकायचे. एवढे झाल्यावर तो फोटो त्या पानाचाच राहतो का? हा प्रश्न वाटतो नवा, पण तो कॅमेऱ्याच्या कितीतरी आधीचा आहे. इस्लामी जगातल्या एका हकिमाने आठशे वर्षांपूर्वी त्याचे उत्तर दिले होते. त्याचे नाव आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. पहिल्या शतकातला ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस याने औषधी वनस्पतींवर मोठा ग्रंथ लिहिला. नवव्या शतकात बगदादमध्ये इस्तिफान इब्न बासिलने तो अरबीत आणला आणि हुनैन इब्न इसहाकने ते भाषांतर तपासून दुरुस्त केले. हुनैन ख्रिस्ती होता, आणि खलिफांच्या बगदादमध्ये त्याच्या विद्वत्तेला मोठा मान होता. पुढे या ग्रंथाच्या अनेक सचित्र नकला झाल्या. अडचण अशी की नक्कल करणारा चित्रकार बहुतेक वेळा रोप पाहत नसे. तो आधीचे चित्र पाहून नवे काढी. त्यामुळे काही नकलांमध्ये पाने दोन्ही बाजूंना अगदी सारखी झाली, मुळे नक्षीसारखी वळली. चित्र देखणे झाले, पण रानात जाऊन ती वनस्पती ओळखायची तर त्याचा उपयोग उरला नाही. औषधाच्या कामात चुकीचे पान म्हणजे रोग्याच्या जिवाशी खेळ.

रशीदुद्दीन अस्-सूरी हिजरी ५७३ मध्ये, म्हणजे इसवी सन ११७७ च्या सुमारास, आजच्या लेबनॉनमधल्या सूर शहरात जन्मला. अय्यूबी सुलतानांच्या पदरी तो हकीम होता. वैद्यांची चरित्रे लिहिणारा इब्न अबी उसैबिया त्याची काम करण्याची पद्धत सांगतो. अस्-सूरी वनस्पतींच्या शोधात लेबनॉनच्या डोंगरात जाई, तेव्हा तऱ्हेतऱ्हेचे रंग घेऊन एक चित्रकार सोबत असे. रोप सापडले की आधी स्वतः ते नीट पारखायचे, मग चित्रकाराला दाखवायचे. रंग कोणता, पाने किती, फांद्या कशा, मुळे कशी हे पाहून जसेच्या तसे काढायला सांगायचे. तेही एकदाच नाही. कोवळे असताना एक चित्र, पूर्ण वाढून बी धरल्यावर दुसरे आणि सुकल्यावर तिसरे. रानात रोप कोणत्याही अवस्थेत भेटू शकते, आणि प्रत्येक अवस्थेत ते ओळखता आले पाहिजे, हा त्यामागचा हेतू.

तो ग्रंथ आज उपलब्ध नाही, पण पद्धतीची नोंद शिल्लक आहे आणि मला ती फार मोलाची वाटते. आपण फोटो काढतो तेव्हा सुकलेले पान बाजूला सारतो. अस्-सूरीने त्याला मुद्दाम जागा दिली.

हिंदुस्थानात या नजरेचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण जहांगीर बादशहाच्या दरबारातले. १६२० च्या काश्मीर मुक्कामात उस्ताद मन्सूरने शंभराहून अधिक फुले चितारल्याची नोंद खुद्द बादशहाने आपल्या आठवणींत केली आहे. त्यांतली फार थोडी उरली. लाल ट्यूलिपचे त्याचे प्रसिद्ध चित्र अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या संग्रहात आहे. पुढे शाहजहानच्या काळात फूल इमारतींच्या भिंतींवर आले. ताजमहालच्या संगमरवरात कोरलेली कित्येक फुले मात्र कोणत्याही बागेत सापडणार नाहीत, कारण कलावंतांनी निरनिराळ्या फुलांचे भाग जुळवून ती घडवली. तेही एक प्रकारचे एडिटिंगच, आणि त्यात गैर काही नाही. भिंत सजवणारे फूल कुणाला औषध म्हणून ओळखायचे नसते. चित्र कशासाठी आहे, यावर बदलाची मर्यादा ठरते.

आपल्या समाजात चित्राची चर्चा निघाली की ती बहुधा ‘जायज की नाजायज’ इथेच संपते. चित्रे काढून पोट भरणाऱ्या एका माणसाला इब्न अब्बास (रजि.) यांनी झाडे आणि निर्जीव वस्तू काढण्याचा सल्ला दिला, हे बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आले आहे. म्हणजे पाना-फुलांपुरता तरी तो वाद कधीच मिटला होता. त्यापुढचा प्रश्न, ‘चित्र खरे आहे का?’, अस्-सूरीने विचारला. तो वारसा आपणच विसरलो, म्हणून मुसलमानांचा आणि चित्रांचा काय संबंध, असे बाहेरच्यांनी विचारले की आपण गप्प बसतो.

हा प्रश्न आजही जुना झालेला नाही. ‘या पानाचा काढा प्या’ असे संदेश व्हॉट्सॲपवर फिरतात, सोबत रंग भडक केलेला एखादा फोटो असतो. तो पाहून कुणी कुंपणावरचे भलतेच पान तोडले तर काय होईल? धोत्र्यासारखी विषारी झाडे आपल्या आसपास भरपूर आहेत.

म्हणून मी स्वतःपुरते काही नियम केले आहेत. उजेडामुळे बिघडलेला रंग समोरच्या पानाशी ताडून सुधारायचा, त्यापुढे जायचे नाही. भोक, डाग, सुकलेली कड पुसायची नाही. मूळ फोटो जपून ठेवायचा, तारीख आणि जागा लिहायची. आणि जमेल तेव्हा त्याच रोपाकडे पुन्हा जायचे, बी धरल्यावर आणि सुकल्यावरही. सूरह अनआममध्ये गळणाऱ्या पानाचाही उल्लेख आहे. ज्याची दखल तिथे घेतली गेली, ते पान आपल्या फोटोतून वगळावे असे मला वाटत नाही.