मध्यान्हीचा दैत्य

रुग्णसेवेत बावीस वर्षे घालविलेल्या एका धर्मभगिनीने काही वर्षांपूर्वी मजजवळ एक खंत बोलून दाखविली होती. पापनिवेदनापूर्वी आत्मपरीक्षण करताना सात मुख्य पापांच्या यादीतील शेवटच्या शब्दापाशी, म्हणजे 'आळस' या शब्दापाशी, आपण दर वेळी अडतो, असे त्या म्हणाल्या. पहाटे साडेचारला उठून रात्री दहापर्यंत एका खाटेकडून दुसऱ्या खाटेकडे धावणारी ही बाई स्वतःस आळशी म्हणवीत होती! मी हसलो, त्या हसल्या नाहीत. "काम होतं, पण मन त्यात नसतं," त्या म्हणाल्या. "सकाळची प्रार्थना ओठ म्हणतात. रुग्ण बरा होऊन घरी गेला तरी आनंद वाटत नाही. दुसरीकडे कुठेतरी बदली व्हावी, एवढंच सारखं वाटत राहतं."

त्या दिवशी मजपाशी उत्तर नव्हते. पुढे ख्रिस्तसभेच्या आरंभीच्या शतकांविषयी वाचन करीत असता असे आढळले की, हीच तक्रार, बदलीच्या इच्छेसह, सोळाशे वर्षांपूर्वी इजिप्तच्या वाळवंटात नोंदविली गेली आहे. त्या काळी तिला आळस म्हणत नसत. ती आळस कशी झाली, हीच या लेखाची कथा.

आपल्या काळाने या अवस्थेस 'बर्नआउट' असे नाव दिले आहे. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर हे मानसोपचारतज्ज्ञ आपला दिवसाचा व्यवसाय आटोपून न्यूयॉर्कमधील एका मोफत दवाखान्यात रात्री उशिरापर्यंत सेवा करीत. तेथील स्वयंसेवक आणि ते स्वतःही आतून विझत चालल्याचे पाहून त्यांनी १९७४ साली त्यावर निबंध लिहिला. पुढे ख्रिस्तिना मास्लाक यांनी या अवस्थेची तीन अंगे सांगितली: शक्तिपात, ज्यांची सेवा करायची त्यांच्याविषयी आलेला कोरडेपणा, आणि आपल्या हातून काहीच होत नाही ही भावना. २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या रोगवर्गीकरणात हिची व्याख्या केली. मात्र तिला रोग न म्हणता कामाच्या ठिकाणी उद्भवणारी अवस्था म्हटले. साहित्यात हा शब्द त्याआधीच आला होता. ग्रॅहम ग्रीन या कॅथलिक कादंबरीकाराची 'अ बर्न्ट-आउट केस' ही कादंबरी १९६१ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाली. काँगोतील मिशनऱ्यांच्या कुष्ठवसाहतीत येऊन राहणारा एक नामांकित वास्तुशिल्पी तिचा नायक आहे. ज्याच्या देहातील रोग जे न्यायचे ते नेऊन स्वतःच विझून गेला आहे, अशा कुष्ठरुग्णाला ते विशेषण लावीत. ग्रीनने ते धडधाकट देहाच्या माणसाला लाविले.

आता वाळवंटाकडे वळू. एव्हाग्रियस याचा जन्म इ. स. ३४५ च्या सुमारास काळ्या समुद्राजवळच्या पोंतस प्रांतात झाला. संत बेसिलने त्याला वाचकपद दिले, नाझियान्झसच्या संत ग्रेगरीने उपगुरूपदाची दीक्षा दिली. ३८१ च्या धर्मपरिषदेच्या वेळी कॉन्स्टँटिनोपलमध्ये हा तरुण, बुद्धिमान उपगुरू वादपटू म्हणून गाजत होता. तेथेच तो एका विवाहित स्त्रीच्या मोहात सापडला आणि शहर सोडून जेरुसलेमला पळाला. तेथे आजारी पडला असता मेलानिया या थोर स्त्रीने त्याची शुश्रूषा केली, आणि संन्यस्त जीवनाचे वचन घेऊनच त्याला इजिप्तकडे धाडिले. सुमारे ३८३ पासून तो प्रथम नित्रिया येथे व मग केलिया येथे राहिला. केलिया म्हणजे 'कुट्या'. एकमेकींपासून बऱ्याच अंतरावर विखुरलेल्या शेकडो कुट्या, प्रत्येकीत एकटा किंवा एखाद्या शिष्यासह राहणारा तपस्वी, आणि शनिवार-रविवारी सर्वांची मंदिरात भेट. (१९६४ साली फ्रेंच संशोधक आंत्वान गियोमाँ यांनी या वसाहतीची जागा वाळूत निश्चित केली.) हस्तलिखितांच्या नकला करून एव्हाग्रियस पोट भरीत असे.

माणसाच्या मनावर हल्ला करणारे आठ दुर्विचार त्याने सांगितले. त्यांतील सर्वांत जड म्हणून त्याने ज्याचा उल्लेख केला, तो 'अकेदिया'. ग्रीक भाषेत 'केदोस' म्हणजे काळजी, आस्था. 'अकेदिया' म्हणजे ती उरली नसणे. मराठीत 'अनास्था' असे सहज म्हणता येईल, पण मला बोलीतला 'उबग' हा शब्द अधिक जवळचा वाटतो. ९१ व्या स्तोत्रात भर दुपारी येणाऱ्या अरिष्टाचा उल्लेख आहे. प्राचीन ग्रीक भाषांतरकारांनी तेथे 'मध्यान्हीचा दैत्य' असा अर्थ घेतला होता. तोच हा, असे एव्हाग्रियस म्हणतो.

त्याने केलेले वर्णन इतके नेमके आहे की वाचताना हसू येते आणि मग हसू मावळते. सकाळी दहाच्या सुमारास हा दैत्य येतो आणि दुपारी दोनपर्यंत तळ ठोकून बसतो. सूर्य हलेनासा होतो. दिवस जणू पन्नास तासांचा होतो. तपस्वी पुनःपुन्हा खिडकीकडे पाहतो, बाहेर येऊन सूर्य कोठवर आला ते निरखितो. कारण दिवसाचे एकच जेवण, तेही तिसऱ्या प्रहराअखेर, तीनच्या सुमारास. कोणी बंधू भेटीस येतो आहे का, म्हणून तो इकडे तिकडे डोकावतो. मग जागेचा तिटकारा, जीवनक्रमाचा तिटकारा, हातातल्या कामाचा तिटकारा. बंधूंमध्ये प्रेम उरलेले नाही, आपली विचारपूस करणारे कोणी नाही, असे वाटू लागते. अलीकडे कोणी दुखविले असेल तर तेही नेमके त्याच वेळी आठवते. दुसऱ्या ठिकाणी चरितार्थ सोपा होईल, देवाची भक्ती काय कोठेही करता येते, असा सुज्ञ विचार सुचतो. घरची माणसे आठवतात. आणि अखेरीस पुढचे सारे आयुष्य, वर्षांमागून वर्षे, न संपणाऱ्या रस्त्यासारखे डोळ्यांपुढे पसरते.

यात कोठेही झोपाळू, कामचुकार मनुष्य दिसत नाही. दिसतो तो हेतू हरवलेला कामसू मनुष्य. त्या धर्मभगिनीचे बोलणे आठवून मी हे पान दोनदा वाचले.

औषध काय? एव्हाग्रियसची पहिली आज्ञा: कुटी सोडू नका. त्या घटकेला जागा बदलण्याचा निर्णय घेऊ नका, कारण तो निर्णय तुमचा नसतो. दुसरे असे की, आपल्या जिवाचे अश्रूंसह दोन भाग करा; एकाने धीर द्यावा, दुसऱ्याने तो घ्यावा. ४२ व्या स्तोत्रातील भक्त आपल्याच जिवाची विचारपूस करून त्याला आशा धरावयास सांगतो, त्याचा दाखला तो देतो. आठ दुर्विचारांना उलट उत्तर देण्यासाठी त्याने पवित्र शास्त्रातील सुमारे पाचशे वचनांचा एक संग्रहच रचला. आपल्या गुरूचा एक उपदेशही त्याने नोंदविला आहे, तो मला सर्वांत मोलाचा वाटतो: तपस्व्याने मनाने उद्याच मरावयाचे आहे असे जगावे, देहाला मात्र अजून पुष्कळ वर्षे जगावयाचे आहे अशा रीतीने वागवावे.

हा उपदेश गुरूचा. शिष्याने तो स्वतः कितपत पाळला, याची शंका येते. वाळवंटात आल्यापासून आपण भाजीपाला, फळे, मांस आणि स्नान यांना शिवलो नाही, असे एव्हाग्रियस सांगे, असे त्याचा शिष्य पल्लादियस लिहितो. पोटाच्या विकाराने अखेरीस शिजविलेले अन्न घेणे त्याला भाग पडले. ३९९ साली, वयाच्या ५४ व्या वर्षी, तो निवर्तला. मृत्यूनंतरही त्याला स्वास्थ्य लाभले नाही. सहाव्या शतकात ओरिजेनच्या मतांबरोबर त्याचीही मते दूषित ठरली, आणि त्याचा प्रार्थनेवरचा ग्रंथ नायलस या दुसऱ्याच्या नावाखाली टिकून राहिला.

वाळवंटातील इतर कथांमध्ये या उबगावर दोन परस्परविरुद्ध मते दिसतात, आणि हा विरोध लपवू नये असे मला वाटते. एक वृद्ध तपस्वी बारा मैलांवरून पाणी आणीत असे. एके दिवशी थकून तो म्हणाला, हे कष्ट कशाला? पाण्याजवळच राहावे. मागे वळून पाहतो तो कोणी पावले मोजीत येत आहे. तो देवदूत होता. प्रत्येक पावलाचे फळ लिहून ठेवण्यासाठी आला होता. म्हाताऱ्याने आपली कुटी आणखी पाच मैल दूर नेली. ही कथा प्रवचनांत चांगली वठते, परंतु आधीच वाकलेल्या माणसाला ती सांगू नये.

दुसरी कथा संत अंतोनी यांची. त्यांना बंधूंसमवेत हास्यविनोद करताना पाहून एका शिकाऱ्याला ते रुचले नाही. अंतोनी म्हणाले, धनुष्याला बाण लाव आणि ओढ. त्याने ओढले. अजून ओढ. ओढले. अजून. शिकारी म्हणाला, याहून ओढले तर धनुष्य मोडेल. देवाच्या कार्याचेही तसेच आहे, अंतोनी उत्तरले. स्वतः अंतोनींनाही उबगाने गाठले होते. त्यांनी देवाचा धावा केला, तेव्हा त्यांना आपल्यासारखाच एक मनुष्य दिसला: तो बसून दोर वळी, मग उठून प्रार्थना करी, पुन्हा बसून दोर वळी. तो देवदूतच होता, आणि असे केलेस तर तरशील, एवढेच तो म्हणाला. एलीयाला तर देवाने एवढाही उपदेश प्रथम केला नाही. मरण मागून झुडपाखाली निजलेल्या त्या संदेष्ट्याला देवदूताने भाकर दिली, पाणी दिले, पुन्हा निजू दिले आणि पुन्हा खाऊ घातले. होरेबचा प्रवास त्यानंतर.

हे वाळवंटी ज्ञान पश्चिमेकडे नेले योहान कॅसियनने. त्याने मार्सेय येथे मठ स्थापिले आणि ४२० च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथाचा दहावा भाग संपूर्ण अकेदियाला दिला. त्यात पौल नावाच्या तपस्व्याची हकिकत आहे. तो वस्तीपासून सात दिवसांच्या वाटेवर राही. खजुराच्या पानांचे विणकाम तो रोज नेमाने करी, पण ते बाजारात नेण्याचे भाडेच किमतीहून अधिक झाले असते. वर्षाअखेर गुहा भरली की तो सारे जाळून टाकी आणि नव्याने आरंभ करी. कॅसियनला या कथेतून श्रमाची महती सांगावयाची होती. मला ती वाचताना कौतुकाबरोबर थोडी भीतीही वाटते. ज्याला आपले काम निरर्थक वाटू लागले आहे, त्याला ही आग कशी दिसेल?

संत बेनेडिक्टने सहाव्या शतकात आपल्या नियमावलीत याहून समंजस वाट काढली. दिवसाचे तुकडे पाडले: प्रार्थना, हातकाम, वाचन, उन्हाळ्यात दुपारच्या जेवणानंतर विसावा. वाचनाच्या वेळी एकदोन वडील बंधूंनी मठात फेरी मारून कोणी उबगलेला तर नाही ना, हे पाहावे, असे ४८ व्या प्रकरणात आहे. पुढे शिक्षेचीही भाषा आहे, हे खरे. तरीपण कोणीतरी फिरून पाहावे, ही तजवीज केलियातील एकाकी कुटीत नव्हती.

यानंतर शब्दाचा अर्थ घसरू लागला. सहाव्या शतकाअखेर थोर संत ग्रेगरी यांनी आठांची सात पापे केली, तेव्हा अकेदिया त्यांच्या यादीतून वगळली गेली. 'विषाद' तेवढा राहिला आणि उबगाची लक्षणे त्याच्या पोटात गेली. मध्ययुगात शब्द परत आला, पण आता तो मठाबाहेर पडला होता. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने प्रत्येक श्रद्धावंतास वर्षातून एकदा पापनिवेदन बंधनकारक केले. धर्मगुरूंसाठी प्रश्नांच्या पुस्तिका तयार झाल्या. शेतकऱ्याला किंवा कोष्ट्याला 'तुझी आस्था हरवली आहे का?' असे विचारणे कठीण. 'मिस्सा चुकविलीस का? कामात कुचराई केलीस का?' हे विचारणे सोपे. मोजता येते तेच विचारले गेले, आणि हळूहळू अकेदियाचा आळस झाला. तोच आपल्या धर्मशिक्षणाच्या पुस्तकात उतरला. १९९२ च्या 'कॅथलिक ख्रिस्तसभेची धर्मशिकवण' या ग्रंथाने जुना शब्द पुन्हा वापरून, देवापासून लाभणारा आनंदच नाकारणे, असा त्याचा अर्थ दिला आहे; पण मुखोद्गत यादी अजून तीच आहे.

हा घसरता अर्थ सावरण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी केला होता. त्यांच्या मते अकेदिया म्हणजे दैवी चांगुलपणाविषयी वाटणारे दुःख. प्रीतीतून उपजणाऱ्या आनंदाच्या ती विरुद्ध असते. मग ती दहांपैकी कोणत्या आज्ञेविरुद्ध? उत्तर वाचून मी थबकलो. ती शब्बाथ पाळण्याच्या आज्ञेविरुद्ध आहे, कारण त्या आज्ञेत मनाने देवाठायी विसावावे असे सांगितले आहे. ज्याला सर्व जग काम न करण्याचे पाप समजत होते, ते थॉमस यांच्या लेखी विसावा न घेण्याचे पाप होते. याच बृहद्ग्रंथात अन्यत्र दुःखावरील उपाय दिले आहेत: सुख, अश्रू, मित्रांची सहानुभूती, सत्याचे चिंतन, आणि, होय, झोप व स्नान. एव्हाग्रियसला हे पटले नसते.

त्या धर्मभगिनी पुन्हा भेटल्या तेव्हा मी त्यांना हे सांगितले. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी इतकी वर्षं चुकीचं पाप कबूल करत होते." त्या उन्हाळ्यात त्यांनी वरिष्ठांकडे दोन महिन्यांची रजा मागितली. बदली मागितली नाही.

थॉमस यांचे स्वतःचे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. वर्षानुवर्षे एकाच वेळी अनेक लेखनिकांना मजकूर सांगणारा हा मनुष्य ६ डिसेंबर १२७३ रोजी, संत निकोलसच्या सणाच्या दिवशी, नेपल्स येथे मिस्सा अर्पण करून परतला आणि त्याने लेखणी कायमची ठेवून दिली. सोबती रेजिनाल्डने कारण विचारले, तेव्हा आपण जे पाहिले त्यापुढे आजवरचे लिखाण पेंढ्यासारखे वाटते, असे ते म्हणाले. तो साक्षात्कार होता, की अतिश्रमाने आलेला पक्षाघात, की दोन्ही, यावर अभ्यासकांत एकमत नाही. त्यांना विश्रांतीसाठी बहिणीच्या घरी नेण्यात आले. तेथेही ते फारसे बोलले नाहीत. लिआँच्या धर्मपरिषदेस जात असता वाटेत प्रकृती ढासळली आणि ७ मार्च १२७४ रोजी फोसानोव्हाच्या मठात त्यांनी देह ठेविला. बृहद्ग्रंथ प्रायश्चित्त संस्कारावरील प्रकरणाच्या मध्यावर थांबलेला आहे. पुढचा भाग शिष्यांनी त्यांच्या जुन्या लिखाणातून जुळवून जोडला.