तांदळात लिहिलेले नाव

माझा मावसभाऊ अजिंठा-वेरूळला जपानी पर्यटकांचा गाइड आहे आणि त्याची बायको जपानी आहे. दोघांचे लग्न आधी १९५४च्या विशेष विवाह कायद्याखाली, तीस दिवसांची नोटीस लावून, रीतसर नोंदले गेले. मग घरच्या अंगणात अक्षता पडल्या. संध्याकाळी मावशीने ताटात तांदूळ पसरले, भावाच्या हातात अंगठी दिली आणि त्याने तांदळात सुनेचे नवे नाव लिहिले. ते नाव आमच्या आजीचे होते. सगळ्यांना पेढे वाटले आणि तिचे नाव बदलले, असे आम्ही धरून चाललो.

पुढे मुलगा झाला. दवाखान्यात आईचे नाव विचारले तेव्हा मावशीने तेच नाव सांगितले : आजीचे नाव, मधे भावाचे नाव, शेवटी आमचे आडनाव. जन्माच्या नोंदीत ते तसेच उतरले. मुलगा सहा वर्षांचा झाल्यावर त्याचा पासपोर्ट काढायची वेळ आली आणि लक्षात आले, की जन्मदाखल्यावर ज्या बाईचे नाव आहे, त्या नावाची बाई जगातल्या दुसऱ्या कुठल्याच कागदावर नाही. आईच्या पासपोर्टवर, व्हिसावर, विवाह प्रमाणपत्रावर तिचे माहेरचे जपानी नाव होते.

ही नुसती अक्षरांची चूक नव्हती. ३ डिसेंबर २००४पासून भारतात जन्मलेल्या मुलाचे नागरिकत्व केवळ जन्मस्थानावर ठरत नाही. आईवडील दोघे भारतीय असावे लागतात; किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला. म्हणजे जन्मदाखल्यावरची आई आणि व्हिसा घेऊन राहणारी आई एकच आहे, हे दाखवणे मुलासाठी गरजेचे होते. “ताई, मी खोटी आहे का?” तिने मला मराठीत विचारले. मला उत्तर सुचले नाही.

न सुचण्याला आणखी एक कारण होते. मी इतिहासाची पदवीधर नाही. बावीस वर्षे बँकेच्या काउंटरवर काढली, मग स्वेच्छानिवृत्ती घेऊन जुन्या कागदांच्या नादाला लागले. त्या बावीस वर्षांत ‘नाव जुळत नाही’ असे सांगून मी स्वतः किती बायकांचे फॉर्म परत केले असतील, याची गणती नाही. माझेही नाव लग्नात असेच तांदळात बदलले. शाळेच्या दाखल्यावर मी एक आहे आणि रेशनकार्डावर दुसरी. पण माझे दोन्ही कागद एकाच देशाचे. तिचे दोन देशांचे. परदेशातून इथे सून म्हणून आलेल्या बायकांच्या नावांचे पूर्वी काय होत असे, हे शोधायला मी त्या दिवसापासून लागले.

नाशिकला मिळालेले नाव

आपल्याकडची सर्वांत गाजलेली गोष्ट १९२८ सालची. अमेरिकेतल्या सिएटलची नॅन्सी अ‍ॅन मिलर आणि इंदूरचे माजी महाराज तुकोजीराव होळकर (तिसरे) यांचे लग्न. बावला खून प्रकरणानंतर तुकोजीरावांनी १९२६ साली गादी सोडली होती, त्यामुळे या लग्नावर साऱ्या वर्तमानपत्रांचे डोळे होते. मार्च १९२८मध्ये नाशिकला करवीर पीठाचे शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांच्या पुढाकाराने नॅन्सीने हिंदू धर्म स्वीकारला. होळकर धनगर, म्हणून धनगर समाजातल्या एका कुटुंबाने तिला मुलगी म्हणून पदरात घेतले. तिला नाव मिळाले शर्मिष्ठादेवी. १७ मार्चला नर्मदेजवळच्या बडवाह इथे लग्न लागले.

म्हणजे सून होण्याआधी तिला इथली लेक व्हावे लागले. धर्म, जात, माहेर आणि नाव या चारही गोष्टी काही दिवसांत बदलल्या आणि यातल्या एकीसाठीही सरकारी अर्ज करावा लागला नाही. विधी झाला, समाजाने मानले, एवढे पुरेसे होते.

तिकडे अमेरिकेत मात्र कायदा आपले काम करत होता. १९०७च्या कायद्याने परदेशी पुरुषाशी लग्न करणाऱ्या प्रत्येक अमेरिकन स्त्रीचे नागरिकत्व जात असे. १९२२च्या ‘केबल अ‍ॅक्ट’ने ते बंद केले, पण एक खोच ठेवून : नवरा जर अमेरिकेचा नागरिक होण्यास वंशामुळे अपात्र असेल, तर बायकोचे नागरिकत्व जाणारच. १९२३ साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना अपात्र ठरवले होते. या दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या, की १९२८ साली भारतीयाशी लग्न करणारी अमेरिकन स्त्री अक्षता पडताक्षणी परकी होत होती. ती तरतूद १९३१ साली रद्द झाली.

मग ती इथली कोण झाली? संस्थानांची प्रजा कायद्याने ब्रिटिश प्रजा नव्हती. तिला ‘ब्रिटिश संरक्षित व्यक्ती’ म्हणत. इंदूर काय आणि निजामाच्या राज्यातले आमचे औरंगाबाद काय, दोन्हीकडे तीच गत. पुढे शर्मिष्ठादेवी इंदूरलाच राहिल्या, मुली वाढवल्या आणि १९९५ साली त्याच नावाने गेल्या.

खुलताबादची रिकामी कबर

दुसरी गोष्ट आमच्या जिल्ह्याच्या उंबऱ्याशी येऊन पोचते. वेरूळच्या वाटेवर खुलताबादला एक कबरीची इमारत आहे, जिच्यात ज्याच्यासाठी ती बांधली तो माणूस कधी पुरलाच गेला नाही. शेवटचा उस्मानी खलिफा अब्दुल मजीद दुसरा याच्यासाठी निजामाने ती बांधवली. खलिफा १९४४ साली पॅरिसला वारला आणि दहा वर्षांनी मदिनेत पुरला गेला.

खलिफाचा खुलताबादशी संबंध जोडला तो दोन लग्नांनी. मार्च १९२४मध्ये तुर्कस्तानने खिलाफत मोडली, उस्मानी घराण्याला देशाबाहेर काढले आणि त्यांचे नागरिकत्वही काढून घेतले. नोव्हेंबर १९३१मध्ये फ्रान्समधल्या नीस इथे खलिफाची मुलगी दुर्रुशेहवार हिचे लग्न निजामाचा थोरला मुलगा आझम जाह याच्याशी आणि त्याच घराण्यातल्या निलोफरचे धाकट्या मुअज्जम जाह याच्याशी झाले. ज्यांना देशच उरला नव्हता अशा दोन मुली लग्नाने हैदराबादच्या झाल्या.

हैदराबाद संस्थानात १९१९च्या फर्मानाने ‘मुल्की’ कोण, म्हणजे इथला कोण, हे ठरवले होते. जन्माने प्रजा असलेला मुल्की. पंधरा वर्षे कायम राहून परत जायचा विचार सोडल्याचे लिहून देणारा मुल्की. आणि मुल्कीची बायको, तीही मुल्की. पुरुषाला पंधरा वर्षे, बायकोला एक लग्न. औरंगाबाद, बीड, परभणीत बाहेरून आलेल्या सुनांनाही हाच नियम लागू होता. वाचताना तो मला आधी उदार वाटला. मग उमगले, की त्यात तिला स्वतःचे काही धरलेलेच नाही. तिचे इथले असणे नवऱ्याच्या इथले असण्याची सावली आहे.

दुर्रुशेहवारला पुढे आणखी एक नाव मिळाले. १९३६च्या करारानंतर निजामाच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब आला आणि ती ‘प्रिन्सेस ऑफ बेरार’ झाली. बेरार म्हणजे आपला वऱ्हाड. त्यावर निजामाची मालकी नावापुरती होती, कारभार इंग्रजांचा. आज तो किताब वऱ्हाडात कोणाच्या लक्षात नाही. हैदराबादेत मात्र दोन दवाखाने आहेत, एक निलोफरच्या नावाचा आणि एक दुर्रुशेहवारच्या. दोघींची जन्माची नावे त्या पाट्यांवर टिकली.

सावित्री खानोलकर

तिसरी गोष्ट सैन्यातली. स्वित्झर्लंडमधल्या नशातेल इथे २० जुलै १९१३ रोजी जन्मलेली इव्ह इव्होन मादे द मारोस. वडील हंगेरियन, आई रशियन. सँडहर्स्टच्या लष्करी विद्यालयात शिकणारे विक्रम खानोलकर तिला सुट्टीत भेटले. १९३२ साली लखनौला त्यांचे लग्न झाले आणि इव्हची सावित्री झाली. मराठी, हिंदी, संस्कृत शिकली, महाराष्ट्रातल्या संतांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. स्वतंत्र भारताला सर्वोच्च शौर्यपदक हवे होते, तेव्हा परमवीर चक्राचे रेखाटन सावित्रीबाईंनी केले. २६ जानेवारी १९५० रोजी ते पदक जाहीर झाले.

त्यांच्या लग्नाच्या वेळी १९१४चा ब्रिटिश कायदा चालू होता. त्याचा साधा अर्थ असा, की ब्रिटिश प्रजाजनाची बायको ती ब्रिटिश प्रजा आणि परक्याची बायको ती परकी. बाईने मागायचे नाही, नाकारायचेही नाही. जपानातही १८९९चा कायदा याच वळणाचा होता. परक्याशी लग्न करून त्याचे नागरिकत्व मिळाले, की जपानी बाईचे आपले जात असे. माझ्या भावजयीच्या आजीने भारतीयाशी लग्न केले असते, तर तिला याच कायद्याला तोंड द्यावे लागले असते.

आता या तिघाचौघींकडे एकत्र पाहिले, तर जुन्या काळी नाव बदलणे इतके सोपे का होते ते कळते. बाईची ओळख नवऱ्यावरून ठरत होती. मग आधीचे नाव काय होते याच्याशी सरकारला कर्तव्य नव्हते. दोन नावे जुळवायला लागत नव्हती, कारण पहिले नाव हिशेबातून काढलेले असे.

सावली गेली, कागद आले

हे चित्र विसाव्या शतकाच्या मध्याला पालटले. १९४९पासून ब्रिटनमध्ये लग्नाने आपोआप नागरिकत्व बदलणे थांबले. १९५०च्या जपानी कायद्यानेही ते थांबवले. १९५७ साली संयुक्त राष्ट्रांनी करार केला, की लग्नामुळे बायकोचे नागरिकत्व आपोआप बदलू नये. आपल्या १९५५च्या नागरिकत्व कायद्यात परदेशी बायकोने स्वतः अर्ज करायचा, असे ठरले. सुरुवातीला ही सोय फक्त बायकांना होती. पुढे नवऱ्यांनाही मिळाली. आज त्यासाठी सात वर्षांचे वास्तव्य लागते. नागरिकत्व न घेता परदेशस्थ भारतीय नागरिक कार्ड, म्हणजे ओसीआय, घ्यायचे तर नोंदलेले लग्न किमान दोन वर्षे टिकलेले असावे लागते.

बाई आता स्वतःच्या नावाने कायद्यापुढे उभी राहिली, ही मोठी कमाई आहे. पण त्याच दिवसापासून तिचे नाव तिच्या पहिल्या देशाच्या पासपोर्टला बांधले गेले. व्हिसा, राहण्याचा परवाना, पॅन हे सगळे पासपोर्टावरच्या नावामागे चालतात. ताटातल्या तांदळाला तिथे प्रवेश नाही.

भावजयीच्या बाबतीत पेच आणखी गुंतागुंतीचा होता. जपानात प्रत्येक कुटुंबाची सरकारी नोंदवही असते, तिला ‘कोसेकी’ म्हणतात. परक्याशी लग्न केलेल्या जपानी माणसाचे आडनाव आपोआप बदलत नाही. सहा महिन्यांत कळवले तर जोडीदाराचे आडनाव घेता येते. त्यानंतर कौटुंबिक न्यायालयाची परवानगी लागते. तिचे सहा महिने इकडे हळदी-कुंकवात आणि मराठी बाराखडीत निघून गेले होते. वेळेत कळवले असते तरी बदलले असते ते फक्त आडनाव. लग्नामुळे पहिले नाव बदलणे त्या वहीला ठाऊक नाही आणि मधे नवऱ्याचे नाव घालायला तिथे जागाच नाही. आपल्या फॉर्मवरचे ‘आडनाव, नाव, वडिलांचे/पतीचे नाव’ हे तीन रकाने आपल्याला जन्मजात वाटतात. अर्ध्याहून अधिक जगाला ते समजावून सांगावे लागतात.

तेव्हा आम्ही उलटा रस्ता धरला. तिचे नाव बदलण्याऐवजी मुलाच्या जन्मनोंदीतले आईचे नाव दुरुस्त करायचे. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा, १९६९च्या कलम १५मध्ये अशा दुरुस्तीची सोय आहे. पासपोर्टची प्रत, विवाह प्रमाणपत्र, आणि दोन्ही नावांची व्यक्ती मीच, असे तिचे प्रतिज्ञापत्र. सगळे व्हायला अकरा महिने लागले. दरम्यान तिच्या कागदांवरच्या पत्त्यातल्या शहराचेही नाव बदलले. २०२३ साली औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले. या गावाला नवे नाव मिळण्याची ही पहिली वेळ नव्हे. खडकी, फतेहनगर अशी नावे त्याने पूर्वी पाहिली आहेत. अधिसूचना निघाली आणि काम झाले. पूर्वीचे गाव मीच, असे प्रतिज्ञापत्र गावाला करावे लागले नाही.

दुरुस्त दाखला आला तेव्हा मावशी थोडी हिरमुसली. तिच्या आईचे नाव कागदावरून गेले होते. भावजय तिच्याजवळ जाऊन बसली आणि म्हणाली, “आई, घरात तुम्ही मला त्याच नावाने हाक मारा. ऑफिसात माझं मला राहू द्या.” मावशीने मान हलवली.

आमच्या आळीत लग्न ठरले, की आता मी विचारायला जाते : ताटात नाव लिहिणार असाल तर खुशाल लिहा, पण दवाखान्यात, शाळेत आणि बँकेत कोणते सांगायचे ते आधी सुनेला विचारा. ती परदेशी असेल तर तिचा पासपोर्ट समोर ठेवून विचारा. लोक हसतात. बावीस वर्षे फॉर्म परत करणाऱ्या बाईने एवढे तरी करावे, असे मला वाटते.