शाश्वत कापूस

शाश्वत कापूस : रासायनिक निविष्ठा व पाण्याचा मर्यादित वापर करून, मजुरांचे हित सांभाळून पिकवलेला कापूस. त्याचा सर्वांत कडक प्रकार म्हणजे सेंद्रिय कापूस. त्यात रासायनिक खते, कृत्रिम कीटकनाशके व जनुकीय बदल केलेले बियाणे वर्ज्य असते. मागणी प्रथम पाश्चात्त्य बाजारपेठांत वाढली. पॅटागोनिया या अमेरिकी कंपनीने १९९६ मध्ये आपले सर्व सुती कपडे सेंद्रिय कापसाचे केले. सेंद्रियपेक्षा कमी कडक निकषांच्या ‘बेटर कॉटन’ उपक्रमाचे पहिले पीक २०१०-११ च्या हंगामात भारत, पाकिस्तान, ब्राझील व माली येथे निघाले. त्याच्या वजनताळा (फक्त खरेदी-विक्रीच्या वजनांचा मेळ घालणाऱ्या) पद्धतीत हा कापूस साध्या कापसात मिसळता येतो. त्यामुळे या पद्धतीने विकलेला सदरा त्याच कापसाचा असेलच असे नाही. ग्राहकाला सहसा याची कल्पना नसते.

सेंद्रिय कापसात भारत अग्रेसर असून मध्य प्रदेश, ओडिशा, महाराष्ट्र व गुजरात ही प्रमुख राज्ये आहेत. विदर्भात बोंडअळीसाठी निंबोळी अर्क व कामगंध सापळे वापरतात. २००२ मध्ये जनुकीय बदल केलेल्या बीटी वाणांना परवानगी मिळाल्यानंतर बिगर-बीटी सरकी दुर्मिळ झाली. सेंद्रिय शेतीकडे रूपांतराच्या वर्षांत उतारा घटतो, शिवाय माल सेंद्रिय म्हणून विकताही येत नाही. २०२० मध्ये भारतीय सेंद्रिय कापसाची बनावट प्रमाणपत्रे उघडकीस आली.