सव्वा पळाचा हक्क : बुद्धिबळाच्या घड्याळाचा इतिहास

इ. स. १८३४ मध्ये लंडन येथे लाबुर्दोने हा फ्रेंच आणि मॅक्डॉनेल हा आयरिश असे दोन खेळाडू लागोपाठ सहा सामन्यांत मिळून पंच्याऐंशी डाव खेळले. युरोपीय बुद्धिबळाच्या इतिहासात हे द्वंद्व चिरस्मरणीय ठरले. परंतु त्यातील एकाही डावाच्या वेळी पटाशेजारी घड्याळ नव्हते. खेळाडूने एका चालीचा विचार किती काळ करावा याला कोणतेही बंधन नव्हते, आणि मॅक्डॉनेलच्या दीर्घ चिंतनाबद्दल त्याचा प्रतिस्पर्धी वैतागत असे. बुद्धीचे बळ अजमावणाऱ्या या खेळात काळ हा बुद्धीचा सहायक मानावा की प्रतिपक्षी, हा प्रश्न त्या वेळी कोणी स्पष्ट शब्दांत विचारला नव्हता. पुढील पावणेदोनशे वर्षांचा बुद्धिबळाच्या घड्याळाचा इतिहास हा वस्तुतः याच प्रश्नाच्या उत्तरांचा इतिहास आहे.

प्रश्नाला तोंड फुटले ते १८५१ साली लंडनमध्ये भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत. या स्पर्धेत जर्मन खेळाडू अँडरसन विजयी झाला. पण चर्चा पुष्कळ झाली ती एलायजा विल्यम्सच्या मंद खेळाची. स्पर्धेचा प्रवर्तक हॉवर्ड स्टाँटन हा विल्यम्सकडून पराभूत झाला आणि त्याने या संथपणाविरुद्ध कडक टीका केली. पराभूताच्या त्राग्याचा भाग त्यातून वगळला, तरी तक्रारीचे मर्म शिल्लक राहतेच. ज्याची सहनशक्ती अधिक तो जिंकणार असेल, तर कसोटी बुद्धीची की बैठकीची?

पहिला उपाय वाळूच्या घड्याळाचा. १८६१ मध्ये अँडरसन आणि कोलिश यांच्या सामन्यात प्रत्येक खेळाडूस स्वतंत्र वाळूचे घड्याळ देण्यात आले व चोवीस चालींसाठी दोन तासांची मर्यादा ठरली. प्रतिस्पर्धी विचार करीत असताना आपले घड्याळ आडवे करून ठेवावयाचे, अशी ही रीत. कल्पना साधी होती, पण तीत एक महत्त्वाचे तत्त्व प्रथमच मान्य झाले. मर्यादा एकेका चालीला न घालता चालींच्या समूहाला घातली गेली. सोप्या चाली झटपट करून वाचविलेला काळ अवघड चालीवर खर्चावा, हे स्वातंत्र्य खेळाडूस मिळाले. विचारासाठी लागणारा काळ ही खेळाडूची स्वतःची मिळकत ठरली. १८६७ च्या पॅरिस स्पर्धेत मर्यादा ओलांडणाऱ्यास पैशाचा दंड ठेवला होता. डाव गमावण्याची शिक्षा सर्वमान्य होण्यास अजून अवकाश होता.

१८८३ च्या लंडन स्पर्धेत मँचेस्टरच्या टॉमस ब्राइट विल्सनने सिद्ध केलेले दुहेरी घड्याळ वापरात आले. एका तराजूवजा दांडीच्या दोन टोकांवर लंबकाची दोन घड्याळे बसविलेली असत. एक बाजू खाली झुकली की तीवरील घड्याळ थांबे आणि दुसरे चालू होई. पुढे दांडी जाऊन वर दाबावयाची बटणे आली, आणि तबकडीवर बाराच्या अंकापाशी एक लहानसे निशाण आले. मिनिटकाटा त्या निशाणास हळूहळू उचलीत नेई आणि तास पुरा होताच ते खाली पडे. वेळ संपल्याचा हा दृश्य पुरावा होय.

या यंत्राने विसाव्या शतकाची सात-आठ दशके गाजविली, आणि त्याच्याबरोबर एक नवी अवस्था खेळात आली. जर्मन भाषेने तिला ‘त्साइटनोट’ असे नाव दिले. ‘त्साइट’ म्हणजे काळ आणि ‘नोट’ म्हणजे निकड किंवा संकट. हा शब्द रशियन भाषेने जसाच्या तसा उचलला आणि इंग्रजी बुद्धिबळग्रंथांतही तो रूढ झाला. आपल्या ‘बुद्धिबळ’ या शब्दात काळाला स्थान नाही, ही गोष्ट येथे ध्यानात घेण्याजोगी आहे. फ्रीड्रिख झेमिश या जर्मन खेळाडूने १९६९ मध्ये स्वीडनमधील लिंकोपिंग येथे आपले तेराही डाव केवळ वेळ संपल्यामुळे गमावले. त्या वेळी त्याचे वय सत्तरीच्या पुढे होते.

घड्याळ साक्षीदार असले, तरी साक्ष वाचणारा माणूसच असतो. १९४२ च्या अमेरिकन अजिंक्यपद स्पर्धेत रेशेव्हस्की आणि डेंकर यांच्या डावात रेशेव्हस्कीचे निशाण पडले. स्पर्धासंचालक घड्याळाच्या मागील बाजूस उभे होते. त्यांनी घड्याळ उचलले, स्वतःकडे फिरविले, आणि डेंकरची वेळ संपल्याचे जाहीर केले! फिरविताना उजवी-डावी बाजू बदलली, हे त्यांच्या ध्यानात आले नाही. ध्यानात आणून दिल्यावरही त्यांनी निर्णय पालटला नाही. रेशेव्हस्की पुढे कॅशडनच्या बरोबरीने प्रथम स्थानी आला आणि निर्णायक सामना जिंकून विजेता ठरला. कॅशडनच्या हातचे अजिंक्यपद एका घड्याळाच्या उलटसुलट वाचनाने गेले, असे म्हणण्यास जागा आहे.

यांत्रिक घड्याळाचे आणखी दोन दोष होते. पहिला असा की, निशाण उचलले गेल्यानंतर नेमके किती सेकंद उरले आहेत हे काट्यावरून सांगता येत नसे. दुसरा दोष मूलभूत होता. काटा एकाच दिशेने जातो. हे यंत्र फक्त वजाबाकी करू शकते. ज्याच्यापाशी जिंकलेला डाव आणि पाच सेकंद आहेत, त्याला पट काहीही सांगो, घड्याळ हरविणारच.

अंकीय घड्याळाने पहिला दोष सहज दूर केला. १९७३ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातील विद्युत अभियांत्रिकीचा विद्यार्थी ब्रूस चेनी याने असे पहिले घड्याळ तयार केले. परंतु सेकंद अंकांत दिसू लागले एवढ्यानेच क्रांती झाली नाही. ती झाली दुसऱ्या दोषाच्या परिहाराने, आणि तिचे श्रेय बॉबी फिशरकडे जाते. फिशरने १९८८ मध्ये अमेरिकेत एकस्वासाठी अर्ज केला व ते १९८९ मध्ये मंजूर झाले. त्याची कल्पना अशी : प्रत्येक चालीबरोबर खेळाडूच्या शिल्लक काळात एक ठरावीक भर पडावी. यंत्राने आता बेरीजही करावयाची. काट्यांच्या घड्याळाला हे साधणे जवळजवळ अशक्य. अंक मोजणाऱ्या परिपथाला ते सहज शक्य. १९९२ साली युगोस्लाव्हियात फिशर आणि स्पास्की यांच्यात झालेल्या सामन्यात हे घड्याळ प्रथम वापरण्यात आले.

या बेरजेचे महत्त्व कळण्यासाठी जुन्या कालगणनेचा आधार घेता येईल. एक घटिका चोवीस मिनिटांची, आणि तिचा साठावा भाग म्हणजे पळ, चोवीस सेकंदांचा. आज पुष्कळ स्पर्धांतून आरंभी नव्वद मिनिटे व दर चालीस तीस सेकंदांची भर असे प्रमाण आढळते. म्हणजे पावणेचार घटिकांचे भांडवल आणि प्रत्येक चालीमागे बरोबर सव्वा पळाची कमाई. भांडवल संपले तरी सव्वा पळ कोणी हिरावून घेऊ शकत नाही.

हा सव्वा पळ यदृच्छेने ठरलेला नाही. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार खेळाडूने प्रत्येक चाल लिहून ठेवणे बंधनकारक आहे. पाच मिनिटांहून कमी वेळ उरल्यास ही सक्ती शिथिल होते. परंतु दर चालीस तीस सेकंद किंवा अधिक भर मिळत असेल, तर सवलत नाही. म्हणजे तीस सेकंद हा विचार करणे, मोहरा हलविणे, घड्याळ दाबणे आणि लिहिणे या चारही क्रियांना पुरेल असा काळ गृहीत धरला आहे. पूर्वी घाईच्या क्षणीच लेखन थांबे, चाळीस चाली पुऱ्या झाल्या की नाही यावर वाद होत, आणि डावाचा सर्वांत नाट्यमय भाग पुष्कळदा अलिखित राही. सव्वा पळाने खेळाडूला न्याय मिळाला आणि इतिहासाला साधन मिळाले.

भर नसली म्हणजे काय घडते, याचे उदाहरण २००८ मध्ये रशियातील नाल्चिक येथील महिलांच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत दिसले. मोनिका सोत्स्को आणि साबिना फोइशोर यांच्या अखेरच्या निर्णायक डावात पांढऱ्याला जिंकणे आवश्यक होते आणि काळ्याला बरोबरी पुरेशी होती. पटावर दोघींपाशी राजा आणि एकेक घोडा एवढेच उरले असता काळ्या बाजूच्या फोइशोरची वेळ संपली. पंचांनी बरोबरी दिली. सोत्स्कोने दाद मागितली की, अशा स्थितीत तत्त्वतः मात शक्य आहे. आणि नियमाच्या अक्षराप्रमाणे विजय तिला मिळाला. निकाल नियमास धरून होता; पण त्यात बुद्धिबळाचा अंश किती होता, हे सांगणे कठीण.

तथापि या लाभाचे मूल्यही चुकवावे लागले आहे. १९७२ मध्ये रेक्याविक येथे फिशर आणि स्पास्की खेळले तेव्हा चाळीस चालींना अडीच तास मिळत आणि अपुरा डाव दुसऱ्या दिवसावर तहकूब होई. पुढली चाल लिहून पाकिटात बंद करीत, आणि रात्रभर विश्लेषण चाले. त्या सामन्याचा एकविसावा डाव असाच तहकूब झाला व दुसऱ्या दिवशी स्पास्कीने दूरध्वनीवरून हार कळविली. गणकयंत्रे समर्थ झाल्यावर त्या रात्रीच्या विश्लेषणाला अर्थ राहिला नाही, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस तहकुबीची प्रथा लोपली. एकाच बैठकीत डाव संपविणे भाग पडले. वेळेचे एकूण प्रमाण आखडले. आणि ते सुसह्य ठरले ते सव्वा पळाच्या हमीमुळेच. ज्या यंत्राने खेळाडूला किमान काळाचा हक्क दिला, त्याच यंत्राने त्याचा कमाल काळ कमी करण्याची सोय करून दिली.

आता अजिंक्यपदांचे निर्णय जलद डावांवरही होतात. जुलै २०२५ मध्ये बातुमी येथे महिलांच्या विश्वचषकाच्या अंतिम फेरीत नागपूरची दिव्या देशमुख आणि कोनेरू हम्पी यांचे दोन्ही दीर्घ डाव बरोबरीत सुटले. जलद डावांत दिव्याने विजय मिळविला आणि त्याच वेळी ग्रँडमास्टर किताबही संपादन केला.

असे असूनही खेळाच्या सर्वोच्च पातळीवर जुनी निकड हेतुपुरस्सर राखली गेली आहे. २०२४ मध्ये सिंगापूर येथे गुकेश आणि डिंग लिरेन यांच्या सामन्यात पहिल्या चाळीस चालींना दोन तास होते व भर एक्केचाळिसाव्या चालीपासूनच मिळणार होती. तिसऱ्या डावात सदतिसाव्या चालीच्या सुमारास डिंगची वेळ संपली. ‘फ्लॅग पडला’ हा प्रयोग अशा प्रसंगी अजूनही ऐकू येतो, आणि नियमांची इंग्रजी परिभाषाही निशाणाचीच आहे. वस्तू गेली, शब्द उरला. शब्द उरतो, कारण त्यामागची भीती उरलेली असते.

यावरून निघणारा निष्कर्ष मर्यादित पण स्पष्ट आहे. वाळूच्या घड्याळाने काळ खेळाडूच्या मालकीचा केला, यांत्रिक घड्याळाने त्या मालकीला शिक्षेची धार दिली, आणि अंकीय घड्याळाने तिच्या तळाशी एक किमान हक्क बसविला. मॅक्डॉनेलचे अमर्याद चिंतन परत येणार नाही, आणि ते यावे अशी इच्छाही फारसे कोणी बाळगीत नाही. प्रश्न उरतो तो वेगळा. सव्वा पळाची हमी आहे म्हणून पावणेचार घटिकांचे भांडवल आणखी किती घटवावे? त्याचे उत्तर घड्याळ देऊ शकत नाही. ते खेळाचे नियम करणाऱ्यांनी, खेळाच्या नावातील पहिला शब्द स्मरून द्यावयाचे आहे.