ऐकणारा पाऊस, न ऐकणारा पाऊस

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

जुलैतली दुपार होती. परळला बहिणीकडे गेलो होतो आणि हिंदमाताला पाणी भरल्यामुळे तिथेच अडकून पडलो होतो. शेजारी माझा भाचा व्हिडिओ गेम खेळत होता. बघतो तर त्याचा धनुष्यबाण लावलेला शूर गडी एका कड्याच्या कपारीत शेकोटी पेटवून नुसता बसलेला.

"का रे, दमला का तुझा शिलेदार?" मी विचारलं.

"नाही मामू, पाऊस पडतोय. कडा निसरडा झालाय. उघडल्यावर चढेन."

मी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर पाऊस, आत पाऊस, आणि दोन्हीकडे माणूस खोळंबलेला! मला मोठी गंमत वाटली. कारण माणसानं रचलेला पाऊस सहसा माणसाला असा खोळंबून ठेवत नाही. तो हुकमाचा ताबेदार असतो.

आपल्याकडे पावसाच्या गोष्टी दोन जातींच्या आहेत. एक हुकमाची. तानसेनाची आख्यायिका घ्या. मेघमल्हार गायला की आभाळ भरून यायचं. दुसरी जात विनवणीची. पाऊस लांबला की खेड्यापाड्यांत अंगाला कडुनिंबाचा पाला बांधून पोरं धोंडी मागत घरोघर फिरतात. आमच्याकडे इस्तिस्काची नमाज पढतात. गावाबाहेर मोकळ्या मैदानात जमायचं, दुवा मागायची आणि अंगावरची चादर उलटी करून पांघरायची. जशी ही चादर उलटली, तसे आमचे दिवस उलटू देत, असा त्याचा अर्थ. यात हुकूम नाही. मागणं आहे आणि वाट पाहणं आहे.

नाटक-सिनेमावाल्यांनी मात्र पहिली जात उचलली. रंगभूमीवर पत्रा हलवला की गडगडाट होई. नभोनाट्यात सुपातलं धान्य घोळवलं की सरी कोसळत. सिनेमाची कथा आणखी मजेची आहे आणि ती आपल्याच वस्तीत घडलेली आहे. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये वाटाण्याचं रोप वाढतानाची छोटी फिल्म केली. दिवसांमागून दिवस थोडं थोडं चित्रण करून त्यांनी निसर्गाचा काळच मुठीत घेतला. मग दादरला 'राजा हरिश्चंद्र' उभा राहिला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन थिएटरात तो लोकांनी पाहिला. त्या काळी चित्रीकरण उन्हाच्या भरवशावर चाले. ढग आले की काम बंद. म्हणजे खरा पाऊस हा सिनेमाचा वैरी होता!

पुढे विजेचे दिवे आले, बंदिस्त स्टुडिओ आले. प्रभातच्या 'गोपाळकृष्ण'ने १९३८ मध्ये गोवर्धनाचा प्रसंग पडद्यावर आणला. व्ही. शांताराम यांनी १९४२ मध्ये परळला राजकमल कलामंदिर सुरू केलं. दादर-परळ ही सिनेमाची कर्मभूमीच झाली. आता पाऊस हवा तेव्हा पाडता येऊ लागला. भोकं पाडलेले नळ, पाण्याचा जोर आणि मागून सोडलेला प्रकाश. मागून उजेड नसेल तर कॅमेऱ्याला थेंब नीट दिसतच नाहीत. आणि पाऊस पाडायचा तो चौकटीपुरता. चौकटीच्या बाहेर दोन पावलांवर छत्री न घेता चहा पीत उभं राहावं! नायक प्रेमात पडला की हा पाऊस येतो, त्याचं दुःख अनावर झालं की येतो. तो नायकाचं ऐकतो.

व्हिडिओ गेमनं सुरुवातीला हाच वारसा घेतला. १९९८ मध्ये जपानच्या निन्टेन्डो कंपनीचा 'द लीजंड ऑफ झेल्डा' मालिकेतला एक गेम आला, 'ओकारिना ऑफ टाइम'. त्यातला मुलगा मातीच्या वाद्यावर एक विशिष्ट धून वाजवतो आणि पाऊस येतो. तानसेनच तो! २०११ च्या 'स्कायरिम'मध्ये नायक मंत्रासारखे शब्द गरजतो आणि आभाळ स्वच्छ होतं. पाऊस दाखवण्याची युक्तीही स्टुडिओतलीच. असल्या अनेक गेममध्ये पाऊस सगळ्या राज्यावर पडत नाही. खेळणाऱ्याच्या नजरेभोवती तेवढाच पडतो आणि त्याच्याबरोबर चालतो. काही गेममध्ये तर तो छपरातून खाली उतरायचा. आमच्या चाळीत तेच व्हायचं, पण आम्ही त्याला तांत्रिक दोष म्हणत नव्हतो. खाली बादली ठेवत होतो.

पण याच खेळांत दुसरी जातही हळूच रुजली. तिचं मूळ फाशात आहे. १९७४ मध्ये अमेरिकेत 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा बैठा खेळ निघाला. आपण योद्धा किंवा जादूगार व्हायचं आणि फासे टाकत गोष्ट पुढे न्यायची. पुढे त्याच्या पुस्तकांत हवामानाचे तक्ते आले. आज ऊन की वादळ, हे फासा ठरवणार. संगणकानं हा फासा आपल्या हाती घेतला. २००२ च्या 'मॉरोविंड'मध्ये प्रत्येक प्रदेशाचा वेगळा तक्ता आहे. इथे शंभरात इतके वेळा पाऊस, इतके वेळा धुकं, तिथे राखेचं वादळ. वादळ सुटलं की माणसं तोंडावर हात आडवा धरून चालतात. पोलंडमध्ये तयार झालेल्या, २०१५ च्या 'द विचर ३'मध्ये सर आली की गावकरी धावत वळचणीला जाऊन उभे राहतात. गिरगावात सर आली की दुकानांच्या फळ्यांखाली आपण उभे राहतो ना, तसेच. आणि माझा भाचा खेळत होता तो झेल्डाच, २०१७ चा, 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'. त्यात पावसात हात निसटतो, शेकोटी विझते, आणि गडगडाट असताना अंगावर लोखंडी ढाल-तलवार असेल तर वीज पडते. नायक असलात म्हणून पाऊस तुमच्यासाठी थांबत नाही.

मला या बदलाचं मोल वाटतं. सिनेमातला पाऊस माणसाच्या मनाचा आरसा होता. हा पाऊस पाऊस आहे. तो कुणाचा नोकर नाही. गिरणगावातल्या माणसाला हे सांगावं लागत नव्हतं. पहिल्या पाळीचा भोंगा झाला की डोक्यावर घोंगतं घेऊन, पाण्यातून वाट काढत तो निघायचा.

तरीही तक्त्यातल्या पावसाला एक मर्यादा आहे. कुणीतरी आधीच तो बेतलेला असतो. आपणही आपल्या शहराचा पाऊस असाच बेतला होता. कुलाब्याची वेधशाळा १८२६ सालची. जुन्या मुंबईची गटारं तासाला २५ मिलिमीटर पाऊस धरून बांधलेली, तीही समुद्राला ओहोटी आहे असं गृहीत धरून. २६ जुलै २००५ ला हा तक्ता फाटला. चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला अवघा ७३. एकच शहर, एकच दिवस! मी लालबागला होतो. माझा भाऊ कुर्ल्याला कामावर. फोन लागत नव्हते. आमच्याकडे पाऊस नेहमीसारखाच वाटत होता, म्हणून रात्री नऊपर्यंत आम्ही त्याच्यावर चिडत होतो. नऊनंतर चिडणं थांबलं. अम्मी जानमाजवर बसली ती उठलीच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तो छातीपर्यंत चिखलानं भरलेला, चालत आला. शेकडो घरी कुणी आलं नाही.

खेळात गडी बुडाला तर पुन्हा उभा राहतो. हिंदमाताच्या पाण्यात तसं होत नाही. हा फरक पोरांना कळतो का, अशी मला त्या दुपारी धास्ती वाटत होती.

संध्याकाळी पाणी गुडघ्याखाली आलं तेव्हा मी निघालो. भाच्यानं खेळ बंद केला आणि दारामागची काठी घेतली.

"तू कशाला येतोस?" मी म्हणालो.

"मॅनहोल उघडं असलं तर, मामू?"

रस्ता ओलांडेपर्यंत तो माझ्यापुढे होता. एकेक पाऊल टाकण्याआधी काठीनं खालची जमीन चाचपत होता, आणि मी मुकाट्यानं त्याच्या मागून चालत होतो.